तळ्याकाठचा मुक्काम : तंबू आपला, नफा दुसऱ्याचा!

शनिवारी पहाटे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाच मिनिटे उभे राहून पाहावे. टपावर सामान बांधलेल्या, मुलाबाळांनी भरलेल्या गाड्या अंधेरीकडून येतात, पवई तलावाच्या कडेने पुढे सरकतात आणि पूर्व द्रुतगती महामार्गाला लागतात. कोणी भंडारदऱ्याला निघालेला असतो, कोणी पवना धरणाकडे. पाण्याकाठी तंबूत एक रात्र काढायची आणि रविवारी संध्याकाळी परत फिरायचे, ही आपल्या उपनगरांतील कुटुंबांची नवी हौस आहे. ज्याची ऐपत आहे तो आता चाकावरचे घर, म्हणजे कॅरव्हॅन, भाड्याने घेऊन जातो.

वास्तविक उपनगरांत स्वतःचे तीन तलाव आहेत. विहार १८६० साली पूर्ण झाला, तुळशी १८७९ साली आणि पवई १८९१ साली. परंतु विहार व तुळशी आजही मुंबईला पिण्याचे पाणी देतात आणि ते राष्ट्रीय उद्यानाच्या वेढ्यात आहेत. पवईच्या पाण्यात मगरी आहेत. पवईच्या काठी महापालिकेने हाती घेतलेला सायकलमार्गसुद्धा मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला. सबब, तळ्याकाठी मुक्काम करायचा तर शंभर-दीडशे किलोमीटर दूर जाणे भाग आहे. आणि जेथे प्रवास आला, मुक्काम आला, तेथे धंदा आला. हा धंदा कोण करतो आहे आणि आपण त्यात नेमके कोठे आहोत, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

एका रात्रीचा अनुभव

मागे एका हिवाळ्यात आम्ही दोघा भावांची कुटुंबे, लहानथोर अकरा माणसे, घाटकोपरहून एका धरणाकाठच्या तळावर गेलो होतो. निम्मे पैसे आगाऊ भरले होते. “सर्व सोय आहे, तुम्ही फक्त या,” असे फोनवर सांगण्यात आले होते. गेल्यावर पाहिले तर तीस-चाळीस माणसांत एकच संडास. सत्तरीच्या आमच्या अम्मींना अंधारात रांगेत उभे राहावे लागले. पिण्याचे पाणी रात्री नऊलाच संपले. पाण्यात उतरणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवायला कोणी नव्हते आणि अंगात घालायचे तरंगते जाकीट एकही नव्हते.

रात्री थंडी वाढली तेव्हा शेजारच्या कुटुंबाने मुलांना ऊब मिळावी म्हणून पेटती कोळशाची शेगडी तंबूत नेली आणि वरून चेन लावून घेतली. माझा भाऊ गॅरेजवाला आहे. बंद जागेत इंजिन चालू ठेवले तर माणसाचे काय होते हे त्याला माहीत. तो धावत गेला, तंबू उघडायला लावला आणि शेगडी बाहेर काढली. कोळशाच्या त्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास. झोपलेला माणूस झोपेतच जातो. ते कुटुंब सकाळी आमच्याबरोबर चहा प्यायले ही अल्लाहची मेहरबानी, तळवाल्याची नव्हे.

सकाळी तंबूची शिलाई नजरेस पडली. कडेला दुहेरी टीप, कोपऱ्याला रेक्झिनचा तुकडा, दोर ओवायच्या जागी पक्का पट्टा. काम चोख होते. राखणदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, “हे कुर्ल्याहून शिवून येतात.” परत आल्यावर मी त्या कारागिराला शोधून काढले. आपलाच माणूस निघाला. त्याला एका तंबूची शिलाई एकदा मिळाली आणि हिशेब संपला. तोच तंबू मात्र दर शनिवारी भाड्याने जातो आणि हंगामभर पैसे आणतो. शिवणाऱ्याने तो तळ कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. आपला माल कोठे जातो आणि त्याखाली कोण झोपते याची त्याला कल्पनासुद्धा नाही.

विकली जाते ती आखणी

या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की तळ्याकाठच्या मुक्कामाचा धंदा हा तंबूचा धंदा नाही, गाडीचाही नाही. तो आखणीचा धंदा आहे. कापड, दोर, गादी, पातेले ही बाजारात कोणालाही मिळतात. गिऱ्हाईक पैसे मोजते ते निर्धास्तपणाचे. वाट कोणती, पाणी किती, आईला संडास कोठे, मुलांवर लक्ष कोणाचे, या प्रश्नांची उत्तरे आधीच तयार असलेला माणूस नफा घेतो. ज्याच्या हातात नुसती सुई किंवा पान्हा आहे तो मजुरी घेतो.

आपल्या समाजाकडे या धंद्याचे जवळजवळ सर्व हुन्नर आहेत. कुर्ला-गोवंडीत शिलाईचे कारखाने आहेत. ओशिवऱ्याला फर्निचरचा बाजार आहे. साकीनाक्याला पत्रा व लोखंडकाम होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीचा कोणताही सुटा भाग मिळतो. शादीब्याहाची देग चढवणारे बावर्ची तर प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. पण हे सर्वजण वेगवेगळे बसून दुसऱ्याच्या ऑर्डरची वाट पाहतात. तंबू, कनात, शामियाना, सराई, कारवाँ हे शब्द ज्या लोकांच्या घरात रोज बोलले जातात, त्यांना मुक्कामाची आखणी परकी का वाटावी?

आखणी म्हणजे नेमके काय?

पहिली गोष्ट जागा. पवना धरण मावळ तालुक्यात असून भोवती लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले आहेत. घाटकोपर-मुलुंडहून ते शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. भंडारदऱ्याचे विल्सन धरण प्रवरा नदीवर आहे. त्याचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली संपले. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून असल्याने तेथे वनखात्याचे नियम पाळावे लागतात. धरणाच्या काठची संपादित जमीन सरकारी खात्याची असते, मागची शेतकऱ्याची. म्हणून तळ ज्या जमिनीवर आहे तिचा सातबारा आणि परवानगी कोणाच्या नावावर आहे हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नये. पाण्याची पातळी वाढली तर कोठवर येते हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे आणि तंबू त्या खुणेच्या वर ठोकावा.

दुसरी गोष्ट रस्ता. भंडारदऱ्याला जायचे तर बोरिवलीकराने घोडबंदरमार्गे ठाणे गाठावे, अंधेरीकराने जोडरस्त्याने यावे, मुलुंडकर तर दारातूनच महामार्गाला लागतो. पुढे नाशिक महामार्गाने कसारा घाट चढून घोटीहून वळण घ्यायचे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून घाट टाळण्याचीही सोय झाली आहे. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल माफ आहे. मोठ्या कॅरव्हॅनला ही सवलत मिळेल असे मात्र गृहीत धरू नये, गाडीची नोंदणी कोणत्या वर्गात आहे ते पाहावे. गाव ओलांडल्यावरचा शेवटचा अरुंद रस्ता स्वतः जाऊन बघावा. मोटार जाते तेथे उंच टपाची गाडी जातेच असे नाही. झाडाची फांदी आणि खाली लोंबणारी विजेची तार या दोन गोष्टी घरबसल्या कळत नाहीत.

तिसरी गोष्ट पाणी आणि संडास. हिशेब साधा आहे. समजा वीस माणसे एक दिवस-रात्र राहणार. पिणे व स्वयंपाक मिळून माणशी पाच लिटर धरले तरी शंभर लिटर, म्हणजे वीस लिटरचे पाच जार झाले. तोंड धुणे, वुजू, भांडी यांचे पाणी वेगळे. संडास बायकांचा निराळा, दिवा असलेला, आतून कडी लागणारा आणि तळ्यापासून दूर असावा. या एका गोष्टीवर कुटुंब पुन्हा येते किंवा कायमचे तुटते. पडदा व स्वच्छता यांची आपल्या घरांतली गरज आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

चौथी गोष्ट जीव. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. घरातल्या लग्नानंतर सर्वजण आनंदाने सहलीला गेले होते. पाणी पाहता पाहता वाढले. म्हणून पावसाळ्यात प्रवाहाजवळ मुक्काम नाही, अंधार पडल्यावर पाण्यात कोणी नाही, मुलांना तरंगत्या जाकिटाशिवाय होडी नाही आणि तंबूत शेगडी, स्टोव्ह किंवा मेणबत्ती नाही, असे चार नियम आखणाऱ्याने छापून प्रत्येक कुटुंबाच्या हातात द्यावेत. थंडीसाठी शेगडी द्यायची नाही तर जाड रजई द्यावी. जवळचे सरकारी रुग्णालय कोणते आणि रात्री गाडी कोण चालवणार हेही आधी ठरलेले असावे.

चाकावरचे घर : उत्साह आणि कायदा

कॅरव्हॅनविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या गॅरेजवाल्या व बॉडीवाल्या बांधवांत याविषयी उत्साह मोठा आणि माहिती थोडी आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात गाड्या आणि त्या उभ्या करण्याचे तळ, दोन्हींचा विचार आहे. याच वर्षी साहसी पर्यटनाचेही धोरण आले. अर्थात वाट खुली झाली आहे. परंतु जुना टेम्पो विकत घ्यायचा, आत पलंग व शेगडी बसवायची आणि भाड्याने फिरवायचा, हा मार्ग सरळ खड्ड्यात जातो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाची स्वतंत्र नियमावली आहे आणि तिच्याप्रमाणे तपासून मंजूर झालेल्या रचनेचीच नोंदणी होते. शिवाय पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच कागद मागेल. कागद नसले तर आयुष्याची कमाई एका दिवसात जाईल.

मग आपल्या कारागिराने काय करावे? मान्यताप्राप्त बॉडी बांधणाऱ्यांकडे आतल्या कामासाठी जावे. घडीचा पलंग, घडीचे टेबल, गादीचे कव्हर, खिडकीचे पडदे, गाडीच्या अंगाला जोडून उभारायची कनात, ही सर्व कामे ओशिवरा-कुर्ल्याच्या हातांची आहेत. फक्त घरच्या फर्निचरची सवय सोडावी लागेल. घरात जाड प्लाय म्हणजे मजबुती, गाडीत तीच गोष्ट म्हणजे ओझे. दोनशे लिटर पाण्याची टाकी म्हणजे दोनशे किलो, तीन धडधाकट माणसांइतके वजन. ती टपावर ठेवली तर घाटाच्या वळणावर गाडी झोकांडी खाणार. ती खाली, दोन्ही आसांच्या मध्ये हवी. प्रत्येक खणाला वळणावर उघडणार नाही अशी कडी हवी. प्रत्येक वायरला फ्यूज हवा. गॅसचा कप्पा बाहेरून उघडणारा आणि खालून हवा जाणारा हवा, कारण गळलेला स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने तळाशी साचतो. संडासाची टाकी तळ्यात किंवा शेतात रिकामी करणे हा तर सरळ गुन्हा समजावा. ती कोठे रिकामी होणार याचे उत्तर नसेल तर गाडी निघूच नये.

मंदीचे महिने, कामाचे महिने

या धंद्याचा एक फायदा आपल्या शिलाई कारखान्यांच्या अजून ध्यानात आलेला नाही. तळ्याकाठचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. काजव्यांसाठी भंडारदऱ्याला गर्दी होते ती मे अखेर व जूनमध्ये. पावसाळ्यात तंबू गुंडाळून ठेवले जातात आणि नेमक्या त्याच महिन्यांत त्यांची दुरुस्ती करायची असते. फाटलेली शिवण, गेलेली चेन, उखडलेले आयलेट, गळणारा सांधा, कुजलेला दोर. आपल्या कारखान्यांत ईदची गर्दी संपली की पुढे हातावर हात धरून बसण्याचे दिवस येतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२७ साली तो फेब्रुवारीत आहे आणि त्यानंतर एकदोन वर्षांत जानेवारीत जाईल. म्हणजे ईदचे कपडे हिवाळ्यात शिवायचे आणि तंबू पावसाळ्यात. एकाच मशीनला वर्षभर काम! जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तळवाल्यांशी दुरुस्तीचा करार करून घ्यावा आणि प्रत्येक तंबूवर आपले नाव व दुरुस्तीची तारीख असलेली पट्टी शिवावी. नाव शिवले की जबाबदारी येते, आणि जबाबदारी आली की भाव वाढतो.

आखणी करणाऱ्यानेही हाच पंचांग-हिशेब ठेवावा. रमजानात आपली कुटुंबे तळ्याकाठी जाणार नाहीत, पण इतर गिऱ्हाईक येईल. ईदनंतरच्या सुट्टीत मात्र आपल्याच मोहल्ल्यातून बस भरून निघू शकते.

“भांडवल कोठून आणायचे?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. माझे उत्तर असे की जमीन विकत घेण्याच्या फंदात पडूच नये. जमीन गावकऱ्याची आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. पवनेच्या पाण्याच्या बंद जलवाहिनीवरून ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तीन जणांचा जीव गेला. त्या काठावर आपण पाहुणे म्हणून जातो याचा विसर पडू देऊ नये. गावकऱ्याची जमीन व राखण, आपला तंबू, स्वयंपाक व आखणी, अशी लेखी भागीदारी करावी. भाकरी-पिठले गावातल्या बायकांकडून घ्यावे, देग आपल्या बावर्चीने चढवावी. दूध, लाकूड, होडी यांचा पैसा गावात राहिला तर अडीअडचणीला गाव धावून येते.

चार-पाच कारागिरांनी, म्हणजे एक शिलाईवाला, एक सुतार, एक गॅरेजवाला, एक बावर्ची आणि हिशेब लिहिणारा एक शिकलेला तरुण यांनी, एकत्र यावे. पहिल्या वर्षी ओळखीच्या पाच कुटुंबांपासून सुरुवात करावी. केंद्र सरकारच्या १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक धंदे आहेत. सुतार, लोहार आणि शिंपी त्यांत येतात. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि पहिल्या हप्त्यात एक लाखापर्यंत विनातारण कर्जाची तरतूद तिच्यात आहे. व्याजाच्या व्यवहाराविषयी प्रत्येकाने आपापला निर्णय करावा. प्रशिक्षण आणि अवजारे घ्यायला तर कोणाची हरकत नसावी. बावर्चीने अन्नसुरक्षेचा परवाना काढावा, घरगुती सिलिंडर धंद्याला वापरू नये आणि प्रत्येक व्यवहाराची पावती द्यावी.

दुसरी शंका अशी की, “इतर समाजाचे लोक आपल्याकडे बुकिंग करतील काय?” मी म्हणतो, आपल्या शिवलेल्या तंबूखाली ते आजही झोपतात. आपल्या गॅरेजमधून निघालेल्या गाडीत मुलेबाळे घेऊन घाट चढतात. जेथे कागद चोख, संडास स्वच्छ आणि शब्द पक्का, तेथे गिऱ्हाईक नाव पाहत नाही. जे पाहतील ते पाहोत, बाजार मोठा आहे. उलट आपणच “सर्व सोय आहे” असे सांगून एकच संडास दाखवू लागलो, तर आपली माणसेही दुसऱ्यांदा येणार नाहीत आणि येऊ नयेत.

शेवटी एवढेच

त्या रात्री शेजारच्या तंबूत गेलेली शेगडी मी विसरू शकत नाही. तंबू आपल्या कारागिराने उत्तम शिवला होता. वाऱ्याची झुळूक आत येत नव्हती, थेंब गळत नव्हता. नेमक्या त्याच कारणाने ती शेगडी जीवघेणी ठरली असती. आत विस्तव नेऊ नये, असे लिहिलेली बोटभर कापडी पट्टी दारावर शिवलेली नव्हती, कारण शिवणाऱ्याला कोणी ते सांगितले नव्हते आणि भाड्याने देणाऱ्याला त्याची पर्वा नव्हती.

कारागीर जोपर्यंत आपल्या मालाच्या मागे मागे जाऊन तो कोठे पोहोचतो हे पाहत नाही, तोपर्यंत त्याला मजुरीच मिळणार. तेव्हा कुर्ला, जोगेश्वरी, घाटकोपर, मुलुंड येथील बांधवांना माझी विनंती आहे की या हिवाळ्यात एक शनिवार काढा, स्वतःच्या घरच्यांना घेऊन तळ्याकाठी जा आणि एक रात्र राहा. वही बरोबर असू द्या. पाणी केव्हा संपले, रांग कोठे लागली, अम्मीला काय त्रास झाला, मुले कोठे घसरली, हे सर्व लिहून आणा. धंद्याचा आराखडा त्याच वहीत तयार होईल.